कीलबोटीचा पहिला सराव : तिथी पाहा, थांबणे आधी शिका

लहान कीलबोट विकत घेतली की तिच्या तळाचे जड कील मालकाला मोठा दिलासा देते आणि तो रास्तही आहे, कारण वाऱ्याने कललेल्या होडीला हेच वजन पुन्हा उभे करते. मात्र ते कील पाण्याखाली चार फूट, कधी त्याहूनही अधिक उतरलेले असते, आणि कोकणातल्या गाळाने भरत चाललेल्या खाड्यांत नवशिक्याची गाठ वादळाआधी उथळ पाण्याशीच पडते. म्हणून सरावाचा दिवस पंचांग पाहून निवडावा.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या कोष्टकात पाहावी. अष्टमीच्या सुमारास भरती सकाळ-संध्याकाळी सहाला असते आणि दुपारी बाराला ओहोटी संपते. त्यानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, तेव्हा पाणीही खाडीतच शिरत असते. शिवाय ही भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असल्याने ओढ बेताची असते. कील गाळात रुतलेच, तर शीट, म्हणजे शीड ताणून धरणारा दोर, सोडून चढत्या पाण्याची वाट पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, म्हणजे सर्वात मोठ्या भरतीला, याउलट घडते : पाणी दुपारी उतरू लागते, मुंबई-मांडवा पट्ट्यात ही चढउतार चार मीटरहून अधिक असू शकते, आणि बाहेर धावणारा प्रवाह समोरच्या वाऱ्याला भिडून खाडीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठवतो. अशा दुपारी नवशिक्याने मुखाकडे फिरकू नये.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून कीलचे बोल्ट, सुकाणूच्या बिजागऱ्या आणि डोलकाठीच्या तारा तपासाव्यात. ऑक्टोबरअखेरीस समुद्र निवळल्यावर आधी बोयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेल्या होडीवरच शीड चढवणे, उतरवणे आणि रीफ घेणे (जोरदार वाऱ्यासाठी शीड अंशतः गुंडाळून लहान करणे) हात बसेपर्यंत करावे.

वेग घेण्याआधी थांबणे शिकावे, असे माझे ठाम मत आहे. घाबरल्यास मेनसेलची, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाची, शीट पूर्ण सोडावी. शीड फडफडते आणि होडी मंदावते. अधिक वेळ थांबायचे असेल तर टॅक घेताना (नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवताना) जिबची, म्हणजे पुढच्या लहान शिडाची, शीट सोडूच नये. जिब उलट्या बाजूने भरते. मग मेनसेल सैल करून सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या, बाजूला बांधावा. जिब नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलते, सुकाणू तिला वाऱ्याकडे आणते, आणि या ओढाताणीत होडी जवळजवळ जागच्या जागी, हळूहळू वाहत राहते. मात्र वाऱ्याखाली मोकळे पाणी हवे. याच शांततेत रीफ घेता येते.

पुढे अर्धा पाण्याने भरलेला प्लास्टिकचा कॅन टाकून तो पुन्हा उचलण्याचा सराव करावा. कॅनच्या वाऱ्याखाली जाऊन तेथून वाऱ्याच्या दिशेने वर यावे आणि शिडे फडफडत असताना त्याच्याजवळ थांबावे. लाइफजॅकेट सर्वांच्या अंगावर असावे. वारा मागून असताना बूम (मेनसेलच्या खालचा आडवा दांडा) अचानक डोक्यावरून फिरतो, म्हणून जाइबपूर्वी (वारा मागे ठेवून शीड दुसऱ्या बाजूला नेण्यापूर्वी) मोठ्याने सांगून शीट आवळून घ्यावी.

डोल जाळ्यांचे (प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट व बोये लांबूनच वळसा घालून टाळावेत. त्यांचे दोर कील आणि सुकाणूत अडकतात, आणि जाळी ओढणाऱ्या होडीला वाट देणे शिडाच्या होडीचे कर्तव्य आहे. व्हीएचएफ रेडिओवर संकटाच्या हाकेचा चॅनेल 16 चालू ठेवावा, तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये असावा, आणि परतण्याची वेळ जेट्टीवर कोणाला तरी सांगूनच बोया सोडावा.