खिशातली टॉर्च पारखताना : ल्युमेन, सेल आणि तासांचा हिशेब

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीत भर दिवसा टॉर्च शोधण्याची धावपळ झाली. आमच्या जिन्याला एकही खिडकी नाही, त्यामुळे दिवे गेले की तिथे सकाळ आणि मध्यरात्र सारखीच. टॉर्च बहुतेक घरांत होत्या; परंतु कोणाच्या सेलमधून पाणी सुटून स्प्रिंग गंजली होती, तर कोणाची टॉर्च पेटताच मिणमिणू लागली. माझी स्वतःची टॉर्च, जिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत हजाराच्या पुढचा आकडा छापलेला होता, ती सातव्या मजल्यावरून खाली मीटर रूमपर्यंत जाऊन परत येईपर्यंतही धड टिकली नाही. तेव्हापासून टॉर्च घेताना खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा मी सर्वांत शेवटी वाचतो. आधी विचारतो ते हे, की आपल्याला हवा तेवढा उजेड ही टॉर्च किती वेळ एकसारखा देईल आणि तिला लागणारा सेल आपल्याला केव्हाही मिळेल का.

खोक्यावर साधारणपणे दोन मापे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, तर कॅन्डेला म्हणजे त्या झोताची एका दिशेतली तीव्रता. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाढत नाही, पण धार लांब जाते. दिव्याभोवतीची चकचकीत वाटी उजेड पुढे परतवते; ती खोल आणि गुळगुळीत असलेली टॉर्च हेच करते. उथळ किंवा खडबडीत वाटीची टॉर्च तेवढाच उजेड आजूबाजूला पसरवते. झोताचे अंतर कॅन्डेलावरून काढतात : कॅन्डेलाचे वर्गमूळ घ्यायचे आणि त्याची दुप्पट करायची. २,५०० कॅन्डेलाची टॉर्च १०० मीटर, तर १०,००० कॅन्डेलाची २०० मीटर. मात्र त्या अंतरावर पडणारा उजेड केवळ पाव लक्स (लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप), म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. समोर काहीतरी हलले एवढे त्यात कळते. ते कुत्रे आहे की आणखी काही, हे ओळखायला छापील अंतराचा निम्मा किंवा तिसरा हिस्साच कामाचा.

ही मापे कशी घ्यावीत यासाठी अमेरिकेत २००९ साली ‘एएनएसआय एफएल १’ हे प्रमाण तयार झाले आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. न पाळणाऱ्यांच्या आकड्यांना काहीच अर्थ नसतो, म्हणून खोक्यावर त्याचा उल्लेख आहे का, हे प्रथम पाहावे. परंतु प्रमाण पाळलेला आकडाही नीट वाचावा लागतो. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च पेटवल्यानंतर तीस सेकंदांनी, आणि टिकण्याचा वेळ धरतात तो उजेड त्या सुरुवातीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा. त्यामुळे ‘१,००० ल्युमेन, अडीच तास’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ अडीच तास हजार ल्युमेन असा मुळीच नाही. हजार ल्युमेन दोन-तीन मिनिटे, मग तीनशेच्या आसपास तासा-दीड तासापर्यंत आणि उरलेला वेळ उतरती कळा, असे असले तरी छापलेले वाक्य खरेच ठरते. यात लबाडी नाही. हजार ल्युमेनसाठी साधारण दहा वॅट वीज लागते, तिचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि बोटभर लांबीच्या ॲल्युमिनियमच्या नळीला ती बाहेर टाकता येत नाही. हात भाजू नये आणि एलईडी खराब होऊ नये म्हणून आतले सर्किट स्वतःच उजेड उतरवते.

आपल्या डोळ्यांचीही यात एक मेख आहे. उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन जवळजवळ चौपट लागतात. त्यामुळे ८०० आणि १,००० ल्युमेनच्या दोन टॉर्च शेजारी धरल्या, तर फरक सांगताना बहुतेक जण अडखळतील, आणि त्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात शहाणपण नाही. झोपलेल्या मुलाला न उठवता पाण्याची बाटली शोधायला एक ल्युमेनही पुरतो. अंधाऱ्या जिन्यासाठी तीस ते पन्नास ल्युमेन ठीक. मोबाइलचा टॉर्च साधारण याच पट्ट्यात येतो. रस्त्यावरचे दिवे गेलेले असताना पावसाळ्यात चालायचे, उघडी गटारे आणि खड्डे चुकवायचे, तर शंभर ते दीडशे. येऊरच्या पायथ्याशी किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत राहणाऱ्यांना, जिथे बिबट्याचा वावर ही नेहमीची बाब आहे, तिथे दूरवर पोहोचणारा तीनशे ल्युमेनचा झोत असावा. याहून अधिक उजेड काही क्षणांसाठीच लागतो.

आता सेल. आपल्याकडे जुनी माणसे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर टॉर्च निवडणे म्हणजे आधी तिची बॅटरी निवडणेच होय. सेलवर लिहिलेले एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचा आकडा) परस्परांशी सरळ ताडून पाहू नयेत, कारण व्होल्टेज वेगवेगळे असते. एमएएचला व्होल्टेजने गुणून हजाराने भागले की वॅट-तास मिळतात, आणि तुलना करायची ती त्यांची. रिमोटमध्ये बसतो तो बारीक एएए सेल, रिचार्जेबल असेल तर ८०० एमएएच आणि १.२ व्होल्ट, म्हणजे जेमतेम एक वॅट-तास. नेहमीचा पेन्सिल सेल, म्हणजे एए, २,००० एमएएचचा धरला तर २.४ वॅट-तास. अंगठ्याएवढा जाड १८६५० हा लिथियम-आयन सेल ३,००० एमएएच आणि ३.६ व्होल्टचा, म्हणजे १०.८ वॅट-तास. त्याचा थोरला भाऊ २१७००, ५,००० एमएएच असल्यास १८ वॅट-तास. यातल्या लिथियम सेलच्या नावातच माप आहे : १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी.

चांगली टॉर्च एका वॅटमागे साधारण ऐंशी ते शंभर ल्युमेन देते. मी ऐंशी धरतो, म्हणजे हिशेबात फसगत होत नाही. वॅट-तासांना ऐंशीने गुणायचे आणि हव्या त्या ल्युमेनने भागायचे. पेन्सिल सेलचे २.४ गुणिले ८० म्हणजे १९२. त्यामुळे पन्नास ल्युमेनचा उजेड पावणेचार तासांच्या आसपास आणि शंभरचा दोन तासांना थोडा कमी. बारीक एएए सेलवर शंभर ल्युमेन पाऊण तासच. १८६५० वर शंभर ल्युमेन साडेआठ तास आणि तीनशे ल्युमेन पावणेतीन ते तीन तास. खोक्यावरचा दावा या हिशेबाच्या दुप्पट असेल, तर ती टॉर्च तिथेच ठेवून द्यावी. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करताना विक्रेता थोडा अस्वस्थ होतो, पण त्याला इलाज नाही.

पेन्सिल सेलमध्येही प्रकार आहेत. सर्वांत स्वस्त ते झिंक-कार्बन. भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक, टॉर्चसाठी नकोत. अल्कलाइन सेल हळू काम करणाऱ्या वस्तूंत उत्तम चालतात, परंतु टॉर्चने एकदम जास्त करंट ओढला की त्यांची ताकद झपाट्याने ओसरते. शिवाय विसरलेला अल्कलाइन सेल पाझरतो आणि टॉर्चच घेऊन जातो. आमच्या इमारतीतल्या गंजक्या स्प्रिंगांमागे बहुतेक हेच कारण होते. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल व्होल्टेज शेवटपर्यंत सांभाळतात, आणि त्यातले कमी डिस्चार्ज होणारे सेल वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज टिकवतात. वर्षातून चारदाच लागणाऱ्या टॉर्चसाठी एकदाच वापरायचे १.५ व्होल्टचे लिथियम सेल महाग असले, तरी सर्वांत निर्धास्त. ते हलके असतात, सहसा पाझरत नाहीत आणि दहा वर्षांहून अधिक टिकतात.

१४५०० हा लिथियम-आयन सेल आकाराने पेन्सिल सेलसारखाच असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात तो चालेल असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो घालू नये, सर्किट जळते. तो रिमोटमध्ये किंवा मुलांच्या खेळण्यात चुकूनही जाऊ नये म्हणून वेगळ्या डबीत ठेवावा.

१८६५० घेताना मी एकदा फसलो आहे. स्टेशनजवळच्या बाजारात ‘९,९०० एमएएच’ असे छापलेले दोन सेल स्वस्तात मिळाले. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजारांपर्यंतच क्षमता असते, हे तेव्हा माझ्या गावी नव्हते. घरी आणून टॉर्चमध्ये घातले, तर वीस मिनिटांत उजेड खलास. शंका आली म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले : एक ३१ ग्रॅम, दुसरा ३० ग्रॅम. खऱ्या १८६५० चे वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरते. तेव्हापासून सेल नवीन असो वा जुना, आधी काट्यावर चढतो. सेलला संरक्षक सर्किट, म्हणजे तो प्रमाणाबाहेर चार्ज किंवा रिकामा होऊ न देणारी चकती, आहे की नाही, हेही पाहावे. असलेला सेल तीन-चार मिलिमीटर लांब असतो आणि काही टॉर्चमध्ये झाकण लागत नाही. सेल आतच बंद करून टाकलेल्या टॉर्च मी घेत नाही. तीन-चार वर्षांत सेल थकतो आणि मग सबंध टॉर्च भंगारात जाते. चार्जिंगची यूएसबी-सी खाच अंगावरच आहे आणि सेलही बाहेर काढता येतो, ही जोडी सर्वांत सोयीची.

एवढे करूनही दोन टॉर्चमध्ये निर्णय होत नसेल, तर घरी एका रात्रीत तपासणी करता येते. लहान खोलीचे दिवे घालवावेत, पडदे ओढावेत आणि टॉर्च जमिनीवर उभी करून झोत छताकडे वळवावा. मोबाइलमध्ये लक्स मोजणारे एखादे मोफत ॲप घेऊन तो टॉर्चपासून दूर, ठरावीक जागी उताणा ठेवावा, म्हणजे छतावरून परतलेला उजेडच त्यावर पडेल. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण सर्व टॉर्चसाठी तोच मोबाइल आणि तीच जागा असल्याने तुलना खरी ठरते. पहिल्या मिनिटाला, तिसऱ्या मिनिटाला आणि मग दर दहा मिनिटांनी आकडा वहीत टिपावा. पंखा बंद ठेवावा. वीज गेलेली असताना तो बंदच असणार, आणि मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात वारा नसलेल्या खोलीत टॉर्च लवकर तापून लवकर उजेड उतरवते. मी अशी दोन टॉर्चची नोंद केली. मोठा दावा करणारी २१० वरून तिसऱ्याच मिनिटाला ८२ वर आली आणि चाळीस मिनिटांनी २४ वर. एका पेन्सिल सेलच्या साध्या टॉर्चने ३८ ने सुरुवात केली आणि तासाभराने ती ३६ वर होती. चाळिसाव्या मिनिटाला लहानीने मोठीला मागे टाकलेले वहीत स्पष्ट दिसत होते. व्होल्टेज उतरले तरी उजेड सांभाळणारे सर्किट म्हणजे काय, हे त्या दोन रांगांतून कळते.

उजेडाच्या रंगाबद्दल थोडक्यात. निळसर पांढरा उजेड ल्युमेनच्या आकड्यात पुढे असतो, परंतु मीटर रूममध्ये लाल आणि तपकिरी वायरी वेगळ्या ओळखायच्या असतील, तर ४,००० ते ५,००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आणि नव्वदच्या वर सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा शंभरपैकी गुणांक, असलेला उजेड बरा. पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. जुलैतल्या पावसात वापरायची टॉर्च दुसऱ्या वर्गातली असावी.

बटण मात्र हातात घेऊनच पाहावे. पहिल्या दाबाला कमी उजेड आणि धरून ठेवल्यास वाढता उजेड, ही रचना उत्तम. प्रत्येक वेळी लुकलुकणाऱ्या प्रकारातून जावे लागते ती टॉर्च आई-वडिलांच्या हाती देऊ नये; आमच्या शेजारच्या काकू एकदा जिन्यात उभ्या राहून ‘अहो, ही थांबतच नाही’ म्हणत होत्या. त्यांच्यासाठी एकच बटण, एकच पेन्सिल सेल आणि दोनच पातळ्या पुरेत. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेली टॉर्च बंद असतानाही किंचित वीज खाते आणि खिशात आपोआप पेटू शकते. तिचे मागचे झाकण पाव वळसा सैल केले, तर बहुतेक टॉर्चमध्ये दोन्ही गोष्टी थांबतात.

आमच्या घरी आता पेन्सिल सेलची एक टॉर्च आणि १८६५० ची एक, अशा दोन आहेत. लिथियम-आयन सेल महिनोन्महिने ठेवायचा असल्यास निम्मा चार्ज ठेवावा, आणि घोडबंदर रोडवर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर तो कधीच सोडू नये. दर महिन्याला वीजबिल भरताना दोन्ही टॉर्च एकेक मिनिट लावून पाहाव्यात. घरची टॉर्च कपाटात न ठेवता मुख्य दाराजवळ खिळ्याला टांगावी, तिच्यावर रेडियमची पट्टी चिकटवावी आणि घरातल्या प्रत्येकाला एकदा डोळे मिटून तिथपर्यंत जायला लावावे.