घोड्याला लाइम आणि डॉक्सीचा कोर्स: गोव्यातल्या घोडेवाल्यांसाठी

पहिलं म्हणजे, पेडण्यात नाहीतर सत्तरीत घोड्याला ताप आला, अंगावर गोचीड दिसली की लगेच लाइम (गोचिडीतून पसरणारा जंतूंचा आजार) समजून मेडिकलमधून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटीबायोटिक) आणू नका. लाइमचा बोरेलिया जंतू मुख्यतः अमेरिकेचा ईशान्य भाग आणि युरोपातला, आपल्याकडे आधी संशय घ्यायचा तो बॅबेसिया-थायलेरिया या गोचिडीतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवींचा, आणि पावसात चावणाऱ्या माश्यांमुळे होणाऱ्या सर्रा या रक्तातल्याच दुसऱ्या परजीवीच्या आजाराचा. हिरड्या फिक्या-पिवळट, लघवी काळपट लाल असेल तर डॉक्सीवर भागत नाही, त्याचं औषधच वेगळं. म्हणून ताप अंगात असतानाच, काहीही टोचायच्या आधी, रक्ताची स्लाइड काढून घ्या.

घोडा बाहेरदेशातून आलेला असेल, आज या पायाने लंगडतो उद्या त्या, अंग आखडलंय, खरारा करू देत नाही, तर लाइमची टेस्ट करायला अर्थ आहे. पण नुसती अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारी असं नाही, कधीतरी जंतू अंगात शिरला होता एवढंच कळतं.

डॉक्टरने कोर्स लिहून दिला की आधी वजन काढा, अंदाजपंचे नको. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १५० आणि लांबी १३२ असेल तर बरोबर २५० किलो. डॉक्सीचा नेहमीचा डोस किलोला १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे या घोड्याला एका वेळी १०० च्या २५ कॅप्सूल! दिवसाला ५०, आणि कोर्स साधारण महिनाभर, त्यामुळे दुकानदाराला आधीच सांगून ठेवा नाहीतर मध्येच खंड पडतो.

कॅप्सूल फोडून पावडर थोड्या पाण्यात आणि गुळाच्या पाकात कालवा, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये भरा, तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेवर मागे सोडा आणि गिळेपर्यंत डोकं थोडं वर धरा. दाण्यात मिसळून देणं सोपं वाटतं पण पोट भरलेलं असलं की औषध कमी लागू पडतं, म्हणून दाण्याच्या आधीच द्या.

डॉक्सी शिरेतून कधीच नाही, कितीही घाई असली तरी, घोडा जागच्या जागी कोसळून मरतो. शिरेतून देतात ती डॉक्सीच्याच गटातली ऑक्सिटेट्रासायक्लिन, तीही पातळ करून हळूहळू, आणि ते काम डॉक्टरचंच. उन्हात घाम गाळून सुकलेल्या घोड्याच्या किडनीला ती बाधते, वर पेनकिलर चालू असेल तर आणखीच, तेव्हा पाणी भरपूर पाजा आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरला सांगा.

लीद रोज बघायची. पातळ झाली, घोड्याने दाणा सोडला तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा, "उद्या बघू" नको, अँटीबायोटिकची हगवण घोड्याला एक-दोन दिवसांत संपवू शकते.

कोर्सनंतर टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह आली आणि घोडा मात्र नीट चालतोय, खातोय, तर परत महिनाभर डॉक्सी कोंबू नका. त्यापेक्षा रोज संध्याकाळी कान, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून गोचीड काढा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल-बिकेल काही लावायचं नाही.