एअरबॅगचा दिवा विझत नव्हता: दोष सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये

इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. माझ्या गाडीत तो पेटलेलाच राहायचा, कधी सीट मागे सरकवली की विझायचा. दिवा पेटलेला असताना अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते, म्हणून जिवाला घोर लागला होता.

बॅटरी बदलली, फ्यूज तपासला, स्कॅनरने कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला. कोड परत यायचा. गॅरेजमध्ये स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅग, हॉर्न आणि बटणांची जोडणी फिरत्या स्टीअरिंगपर्यंत नेणारी गुंडाळलेली पट्टी) बदला म्हणाले. पण हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणं नीट चालत होती, आणि कोड होता ड्रायव्हरच्या सीटबेल्ट प्रीटेन्शनरच्या (धडक होताच छोट्या स्फोटाने पट्टा आवळणारा भाग) सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त असल्याचा. त्या सर्किटची वायर सीटखालून जाते.

उपाय याच क्रमाने करा. सीट पूर्ण मागे घ्या, इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा. कारण बॅटरी काढल्यावरही एअरबॅग चालवणाऱ्या मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मग सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरचं लॉक सोडवून तो अलग करा. माझ्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज होता, पावसाळ्यात मॅटखाली मुरलेल्या पाण्यामुळे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. वायर सीटच्या फ्रेमला थोडी सैल ठेवून झिप टायने बांधा. शेवटी केबल जोडून कोड पुसा.

प्रीटेन्शनरला किंवा एअरबॅगला मल्टीमीटर मात्र कधीही लावू नका. मल्टीमीटरच्या छोट्या करंटनेही ते फुटू शकतात.