गिंपमध्ये ब्रशांना टॅग लावून ठेवावेत

गिंप (GIMP) या चित्रसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून उतरवून घेतलेले ब्रश साठत गेले की हवा तो ब्रश शोधण्यातच कामाचा बराच वेळ जातो. त्यावर टॅग, म्हणजे ब्रशाला जोडलेला ओळखशब्द, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

१. ब्रशांचे पॅनेल उघडून एखादा ब्रश निवडावा आणि पॅनेलच्या तळाशी असलेल्या चौकटीत ‘पाने, शाई’ असे शब्द स्वल्पविराम देऊन लिहून एंटर दाबावे.

२. पुढे शोधताना वरच्या गाळणीच्या चौकटीत टॅग लिहावा. दोन टॅग दिल्यास दोन्ही लागू असलेलेच ब्रश दिसतात, त्यामुळे मोठ्या संग्रहातूनही मोजके ब्रश समोर येतात.

नवा संच घेताना त्याच्या फायली ब्रशांच्या फोल्डरमध्ये सुट्या टाकण्याऐवजी अर्थपूर्ण नावाच्या उपफोल्डरात ठेवाव्यात. त्या उपफोल्डरचे नाव गिंप आपोआप टॅग म्हणून लावते आणि निम्मे श्रम तिथेच वाचतात. टॅगांची नावे ब्रशाच्या आकारापेक्षा त्याच्या कामावरून, म्हणजे ‘ढग’, ‘केस’, ‘जुना कागद’ अशी ठेवणे मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण चित्र काढताना आपण कामाचाच विचार करत असतो.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. हाताने लावलेले टॅग ब्रशाच्या फायलीत नव्हे, तर गिंपच्या वैयक्तिक फोल्डरमधील ‘टॅग्ज डॉट एक्सएमएल’ या फायलीत साठतात. म्हणून संगणक बदलण्यापूर्वी गिंप बंद करून ब्रशांबरोबर या फायलीचीही प्रत काढून ठेवावी.