बारावीनंतरचा उन्हाळा आणि कम्युनिटी कॉलेज: या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेज (स्वस्तातलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) म्हटलं की अजून नाकं मुरडली जातात. "युसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ॲडमिशन मिळालीय, आता तिथे कशाला?" पहिली चूक हीच, कारण उन्हाळ्यात तिथे केलेला कोर्स पुढे युनिव्हर्सिटीत धरला जाऊ शकतो. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे (कोर्सचं क्रेडिट मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला. (व्हिसावर असाल तर रहिवासी धरतात का, ते आधी विचारा, नाहीतर फी कितीतरी पट होते.) हायस्कूल संपल्यावर लगेचच्या उन्हाळ्यात कोर्स केला म्हणून युसी मुलाला ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून आलेला) धरत नाही, तो फ्रेशमनच (पहिल्या वर्षाचा) राहतो.

पोरं खरी फसतात ती कोर्स निवडताना. मैत्रीण घेतेय म्हणून सायकॉलॉजी! उलट्या बाजूने या. आधी मेजरला (मुख्य विषयाला) काय लागतं ते बघा. मग 'असिस्ट'च्या साइटवर आपलं कॉलेज आणि पुढचं कॅम्पस टाकून कोणता कोर्स कशाच्या जागी चालतो ते पाहा, नाव नंतर नोंदवा. राज्याबाहेर, पर्ड्यू किंवा एनवाययूसारख्या युनिव्हर्सिटीत निघालेल्यांनी तिथूनच लेखी होकार घ्यावा. हायस्कूलातल्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) कॅल्क्युलसचं क्रेडिट मिळणार असेल तर तोच कोर्स पुन्हा घेऊ नका, क्रेडिट दोनदा मिळत नाही. आणि कूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात क्वार्टर पद्धत आहे, सत्रं सेमिस्टरपेक्षा छोटी: तिथले तीन युनिट म्हणजे सेमिस्टरचे दोनच.

"ऑनलाइन आहे, पुण्याला आजीकडे बसून करेल." तीन युनिटांना वर्ग आणि अभ्यास मिळून साधारण १६२ तास धरतात. सहा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला २७ झाले, वर घड्याळात साडेबारा तासांचा फरक. लॅबवाली केमिस्ट्री तर उन्हाळ्यात घेऊच नये, असं माझं मत.

झेपत नसेल तर मुदतीत रीतसर ड्रॉप करा. उन्हाळ्यात ही मुदत काही दिवसांतच संपते. नुसतं लॉगिन बंद केलं तर एफ (नापास) लागू शकतो, आणि पुढे मेडिकलचा अर्ज भरताना तोही मोजला जातो.

आईबाबांनी मार्क विचारायला कॉलेजात फोन करू नये. मूल सतरा वर्षांचं असलं, तरी १९७४च्या फेर्पा कायद्याने कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क आता त्याचा. ट्रान्सक्रिप्टही (अधिकृत गुणपत्रिका) त्यालाच मागवायला लावा, ग्रेड लागल्यानंतर. ती युनिव्हर्सिटीकडे आपोआप जाईल असं धरून बसू नका.