प्रोब गप्प आहे, मग पंखावर बर्फ नाही का?

उडत्या विमानावर साचणारा बर्फ ओळखणाऱ्या सेन्सरवर काम सुरू केलं तेव्हा हा निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सचा विषय आहे, अशी माझी समजूत होती. पहिलं वर्ष सिग्नलमधला गोंगाट गाळण्यात गेलं. या कामात नव्याने येणाऱ्या तुमचं तरी ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय.

सेन्सरचा एक रूढ प्रकार म्हणजे विमानाच्या बाहेर हवेत डोकावणारी छोटी कांडी, म्हणजेच प्रोब. ती सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावते. बर्फ चिकटला की वस्तुमान वाढतं आणि कंप मंदावतात. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला कंपनसंख्या साधारण १३० हर्ट्झने उतरते. तेवढ्यावर कॉकपिटला सूचना जाते, हीटर कांडी साफ करतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. इतकी सुबक कल्पना की मी तिच्या प्रेमातच पडले.

मग बर्फाच्या विंड टनेलमधली, म्हणजे नमुन्यावर थंड हवा आणि पाण्याचे थेंब सोडणाऱ्या बोगद्यातली, एक चाचणी आली. तापमान उणे २ अंश. पंखाच्या नमुन्यावर वरच्या बाजूला खरखरीत थर धरला होता आणि प्रोब गप्प. दोन दिवस मी वायरिंग तपासत बसले. वायरिंग ठीक होतं. समोरून येणारी हवा प्रोबवर अडते तेव्हा ती तापते. सेकंदाला १०० मीटर वेग असेल तर जवळपास ५ अंशांनी. त्यामुळे थेंब गोठण्याआधीच ओघळून जात होते. पंखाच्या वरच्या बाजूला मात्र हवा वेग घेते, दाब पडतो, तापमानही पडतं. प्रोब खोटं बोलत नव्हता, तो फक्त स्वतःबद्दल सांगत होता.

म्हणून आधी उष्णता कुठून कुठे जाते, हे पक्कं समजून घ्या. मशीन लर्निंग नंतर.

दुसरा धडा थेंबांच्या आकाराचा. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर ७२ हे प्रवासी विमान कोसळलं, ६८ जण गेले. मोठ्या अतिशीत थेंबांचं (शून्याखालीही न गोठलेल्या) पाणी मागे वाहत गेलं आणि पंखाच्या पुढच्या कडेवर फुगून बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्यांच्या (‘बूट’) पलीकडे, एलरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलतं करणाऱ्या पंखाच्या मागच्या हलत्या फळीच्या) पुढ्यात, बर्फाचा कणा उभा राहिला. विमानाला उड्डाणयोग्य ठरवण्याचे तेव्हाचे निकष साधारण ५० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबांचे होते. मोठ्या थेंबांसाठी अमेरिकेत नियम आले ते २०१४ मध्ये. त्या अपघाताचा अहवाल सारांशावर न थांबता पूर्ण वाचा. मला तो वाचताना अनेकदा थांबावं लागलं.

उंचावरचे बर्फाचे स्फटिक हा आणखी वेगळा प्रकार. ते थंड पृष्ठभागावरून उसळून जातात, इंजिनाच्या उबेत मात्र वितळून चिकटतात. कांडीवरच्या थरावर विसंबणाऱ्या प्रोबला त्यांचा पत्ता लागत नाही.

वैमानिकांशीही बोला. वायपरवर, बाजूच्या काचेवर बर्फ कसा दिसतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

माझ्या वहीत आता प्रत्येक चाचणीला दोन रकाने असतात: प्रोब काय म्हणाला आणि नमुन्यावर मोजपट्टी लावल्यावर काय दिसलं. दुसऱ्यासाठी टनेल थांबवून थंडीत आत जावं लागतं. तो रकाना मी रिकामा ठेवत नाही.