सक्रिय दीर्घिकांमधील वायूचे तापमान काढायला शिकताना

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून सक्रिय दीर्घिकांच्या (ज्यांचा गाभा कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे तळपतो) अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचे लक्ष साहजिकच केंद्रातील महाकाय कृष्णविवराकडे असते. प्रत्यक्ष कामात मात्र आपण बहुतांशी मोजतो तो त्याच्या भोवतालचा वायू, आणि तोही वर्णपटातील उत्सर्जन रेषांवरून. 1943 मध्ये कार्ल सायफर्ट यांनी एनजीसी 1068 सारख्या दीर्घिकांच्या गाभ्यांचा अभ्यास केला तोही याच रेषांच्या आधारे. मी या विषयात आलो तेव्हा माझा सर्वाधिक वेळ 4363 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या एका फिकट रेषेने घेतला, आणि नवख्यांनीही तिच्यापासूनच सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते.

ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असते. त्याच आयनाच्या 4959 आणि 5007 या ठळक रेषा सुमारे अडीच इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीच्या पातळीवरून निघतात, तर 4363 ची रेषा सव्वापाचाहून थोड्या वरच्या पातळीवरून निघते. तिथवर आयनाला धडकेने पोहोचवण्यासाठी अधिक वेगवान इलेक्ट्रॉन लागतात. म्हणून वायू तापला की फिकट रेषा तुलनेने ठळक होते. विरळ वायूत दोन्ही ठळक रेषांच्या बेरजेचे 4363 शी गुणोत्तर 10,000 केल्विनला सुमारे 200, तर 15,000 केल्विनला सुमारे 70 येते.

गुणोत्तर काढण्याआधी दीर्घिकेतील ताऱ्यांचा प्रकाश काळजीपूर्वक वजा करावा, कारण शेजारीच 4340 वर हायड्रोजनची रेषा आहे आणि ताऱ्यांच्या प्रकाशात तिथेच शोषणाची खाच असते. धुळीमुळे 4363 ही 5007 पेक्षा जास्त मंदावते. ती दुरुस्ती राहिली तर तापमान कमी येते. आणखी एक पडताळणी कधीही टाळू नये: 5007 आणि 4959 यांची तीव्रता साधारण 3 ला 1 याच प्रमाणात असायला हवी, कारण दोन्ही एकाच पातळीवरून निघतात. हे प्रमाण जुळत नसेल तर रेषांची जुळणी पुन्हा करावी.

खरी अडचण घनतेची आहे. घनता वाढली की 5007 ची पातळी प्रकाश सोडण्याआधीच धडकांनी रिकामी होऊ लागते, पण 4363 ची पातळी बऱ्याच जास्त घनतेपर्यंत टिकते. परिणामी दर घन सेंटिमीटरला दहा लाख इलेक्ट्रॉन असलेला 10,000 केल्विनचा वायू गुणोत्तरावरून 20,000 केल्विनचा वाटतो. गंधकाच्या 6716 आणि 6731 या रेषांवरून घनता काढण्याचा प्रघात आहे, पण एकच इलेक्ट्रॉन गमावलेले ते गंधक वायूच्या वेगळ्या, कमी आयनीभूत थरात असते, त्यामुळे त्याची घनता ऑक्सिजनला जशीच्या तशी लावणे मला पटत नाही. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या आर्गॉनच्या 4711 आणि 4740 या रेषा त्या थराच्या अधिक जवळच्या आहेत. त्या फिकट असतात, तरी चांगल्या वर्णपटात अवश्य शोधाव्यात.

आयनीभवन कशामुळे झाले, हा पुढचा प्रश्न. बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी 1981 मध्ये मांडलेला रेषांच्या गुणोत्तरांचा आलेख तरुण ताऱ्यांनी आयनीभूत झालेला वायू आणि सक्रिय गाभ्याचा वायू बऱ्यापैकी वेगळे दाखवतो. मात्र चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑनची 3426 ची रेषा दिसली तर पुरावा कितीतरी भक्कम होतो, कारण त्या आयनासाठी 97 इलेक्ट्रॉन व्होल्टचे फोटॉन लागतात आणि सामान्य तारे ते फारसे पुरवत नाहीत. लाखो दीर्घिकांचे वर्णपट घेणाऱ्या स्लोन सर्वेक्षणाचे जुने वर्णपट 3800 अँगस्ट्रॉमपासून सुरू होतात, त्यामुळे जवळच्या दीर्घिकांत ही रेषा त्यांत सापडत नाही.

सरावासाठी स्लोनचे वर्णपट मोफत मिळतात. अरुंद रेषांची, म्हणजे दुसऱ्या प्रकारची सायफर्ट दीर्घिका निवडावी. पहिल्या प्रकारात हायड्रोजनची रुंद रेषा 4363 ला गिळून टाकते. गुणोत्तरे हाताने काढून झाली की गॅरी फर्लंड यांच्या क्लाउडी या, वायूचा वर्णपट गणिताने काढणाऱ्या आज्ञावलीत तोच वायू उभा करावा, आणि तापमान लिहिताना ते कोणती घनता धरून काढले हेही त्याच ओळीत नोंदवावे.